मंद उजेडातला काळा घोडा

घरातली जुनी ट्रंक उघडा आणि लग्नातला एखादा रंगीत फोटो काढून बघा. साधारण १९८० ते ८५ च्या सुमाराचा. मागे मंडपाचे पांढरे कापड, पुढे खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, खाली सतरंजीवर मुले. पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे कसे लख्ख उठून दिसतात! आणि चेहरे? जे उजळ कांतीचे आहेत त्यांचे नाक-डोळे जागच्या जागी आहेत. सावळ्या आत्याबाईंचा, काळ्यासावळ्या मामांचा चेहरा मात्र नुसता डाग. दात तेवढे दिसतात. पोरे हसतात, "मामा, तुम्ही यात कुठे?" मामाही हसतात. "आम्ही पडलो काळे, फोटोवाला तरी काय करणार?" एवढे बोलून अल्बम मिटला जातो.

दोष मामांचा नव्हता. फोटोवाल्याचाही फारसा नव्हता. मग कुणाचा होता, हे उघड करायला कॅनडातल्या एक प्राध्यापिका, दोन भटके छायाचित्रकार, एका कारखान्यातले दोन कामगार आणि घाना देशातून आलेल्या आईबापांची एक मुलगी, एवढी माणसे लागली. त्यांचीच ही हकीकत.

आधी डोळ्याचे बोलू. आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सुमारे बारा कोटी काठीसारख्या पेशी असतात. त्या अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. रंग ओळखणाऱ्या शंकूसारख्या पेशी साधारण साठ लाख. त्यांचे तीन प्रकार, लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाला जागणाऱ्या. उन्हातून स्वयंपाकघरात शिरलो की क्षणभर काही दिसत नाही, मग हळूहळू चुलीपाशी बसलेली आई दिसू लागते, तिच्या कपाळावरचा घामही दिसतो. डोळा उजेडाशी जुळवून घेतो. शिवाय डोळ्यामागे मेंदू आहे, आणि मेंदूला आई ओळखीची आहे.

कॅमेऱ्यातल्या फिल्मला असली माया नाही. तिच्यावर रसायनांचे थर असतात आणि ते थर उजेडाच्या एका ठरावीक पट्ट्यातच नीट काम करतात. पट्ट्याच्या वर गेले की सगळे पांढरेफटक, खाली गेले की सगळे काळेकुट्ट. पांढरे कापड आणि काळा चेहरा एकाच चौकटीत आले तर एकाचा बळी जाणार. कुणाचा द्यायचा, हे फिल्म ठरवत नाही. ते ती बनवणारा माणूस आधीच ठरवून बसलेला असतो.

अमेरिकेत कोडॅक कंपनीचे रंगीत फिल्मवर जवळपास एकछत्री राज्य होते. फिल्म विकायची त्यांनी आणि धुऊन छापायचीही त्यांनीच. १९५४ साली तिथल्या सरकारने हा मक्ता मोडला आणि बाहेरच्या छोट्या लॅबनाही रंगीत फोटो छापण्याची मुभा मिळाली. या लॅबमधले रंग नीट जुळावेत म्हणून कोडॅक त्यांना एक नमुन्याचे कार्ड पाठवू लागली. कार्डावर छान कपडे घातलेल्या एका गोऱ्या तरुणीचा फोटो. पहिली तरुणी कंपनीतलीच नोकरदार होती, नाव शर्ली. पुढे मुली बदलत गेल्या, पण कार्डाचे नाव 'शर्ली कार्ड' असेच राहिले. लॅबवाल्याने आपला फोटो या कार्डाशेजारी धरायचा आणि शर्लीची कातडी बरोबर दिसेपर्यंत रंग कमीजास्त करायचे. कित्येक कार्डांवर एक शब्द छापलेला असे, 'नॉर्मल'. म्हणजे योग्य, ठीक, जसे असावे तसे.

बघा, कुणी कुणाला शिवी दिली नाही, कुणाला दाराबाहेर उभे केले नाही. फक्त एक कार्ड ठेवले. त्या कार्डाच्या मापाने जगभरचे चेहरे मोजले गेले आणि कोडॅकचे पिवळे डबे आपल्याकडच्या स्टुडिओंतही येत होते.

अमेरिकेतल्या शाळांत गोरी आणि काळी मुले एका वर्गात बसू लागली तशी वर्गाच्या फोटोची अडचण पुढे आली. काळ्या मुलांच्या आया म्हणत, आमच्या लेकराचा चेहरा कुठे गेला? पण कंपनीला जाग आली ती त्यांच्या तक्रारीने नव्हे. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या प्राध्यापिका लॉर्ना रॉथ यांनी कोडॅकच्या जुन्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन २००९ साली हा सगळा इतिहास छापला. त्यात निघाले ते असे की लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांनी तक्रारी केल्या. आमच्या जाहिरातीत सागवान आणि शिसव सारखेच दिसते, साधे चॉकलेट आणि दुधाचे चॉकलेट यातला फरक कळत नाही! मग कोडॅकने तपकिरी रंगाच्या छटांवर काम सुरू केले. चॉकलेटच्या वडीला न्याय मिळाला, आणि तिच्या पाठोपाठ काळ्या माणसालाही.

नवी फिल्म आली तेव्हा ती मंद उजेडात काळ्या घोड्याचे बारकावेही टिपते, अशी तिची तारीफ झाली. माणूस म्हणायचे धाडस झाले नाही, म्हणून घोडा. (मुंबईच्या वाचकांना फोर्टातला काळा घोडा आठवेल, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.)

ही तारीफच दोन छायाचित्रकारांनी उचलली. अॅडम ब्रूमबर्ग आणि ऑलिव्हर शानारिन ही ती जोडी. २०१२ च्या अखेरीस त्यांनी जोहान्सबर्गमध्ये प्रदर्शन मांडले आणि त्याला नाव दिले 'मंद उजेडात काळ्या घोड्याचे बारकावे टिपण्यासाठी' अशा अर्थाचे. त्यांनी केले काय? मुदत संपून कित्येक वर्षे झालेले जुने कोडॅक रोल मिळवले आणि आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात जाऊन ते वापरले. ढीगभर फोटो काढले. जुन्या पद्धतीने धुतले तेव्हा हाती लागली एकच चौकट. बाकी सगळे गेले. एखाद्याला वाटेल, ही कसली कला? पण एखाद्या वस्तूत पूर्वी काय भरून ठेवले होते ते तीच वस्तू पुन्हा वापरून दाखवायचे, हे काम शास्त्रज्ञाच्या प्रयोगापेक्षा कमी नाही असे मला वाटते. फ्रान्सचे चित्रपट दिग्दर्शक जाँ-लुक गोदार हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये काम करायला गेले तेव्हा त्यांनी कोडॅकची फिल्म वापरायला नकार दिला होता. ही फिल्मच वंशवादी आहे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा लोकांना ती विक्षिप्त माणसाची तऱ्हा वाटली असेल.

त्याच प्रदर्शनात आणखी एक कॅमेरा होता, पोलरॉइड कंपनीचा आयडी-२. त्याची गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण ती कामगारांची आहे.

पोलरॉइड म्हणजे मिनिटाभरात फोटो हातात देणारा कॅमेरा. आयडी-२ हे त्याचे ओळखपत्रासाठीचे रूप. त्याला दोन भिंगे, त्यामुळे एकाच कागदावर समोरून आणि बाजूने असे दोन फोटो निघत. मागे एक बटण होते. ते दाबले की फ्लॅशचा झोत वाढायचा. कशासाठी, ते सांगायला नको. घरच्या फोटोत काळा चेहरा बुडाला तर चालत होते, पण इथे तो स्वच्छ दिसणे जरुरीचे होते.

दक्षिण आफ्रिकेत त्या काळी काळ्या माणसाला 'पासबुक' जवळ बाळगल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसे. कुठे राहायचे, कुठे काम करायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, सगळे त्या पुस्तकावर. पोलिसाने मागितले आणि खिशात नसले तर तुरुंग. या पासच्या कायद्याविरुद्ध २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल गावात लोक जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसे मेली. जगात २१ मार्च हा वंशभेद निर्मूलनाचा दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळेच. या पासबुकांतले फोटो काढायला पोलरॉइडची यंत्रसामग्री वापरली जात होती.

१९७० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत केंब्रिज गावी पोलरॉइडच्या कचेरीत कॅरोलिन हंटर ही काळी तरुण रसायनतज्ज्ञ आणि केन विल्यम्स हा छायाचित्रकार जेवणाच्या सुट्टीत बाहेर निघाले होते. भिंतीवरच्या फळ्यावर त्यांना एका ओळखपत्राचा नमुना दिसला. वर त्यांच्याच एका सहकाऱ्याचा फोटो आणि खाली मजकूर, दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताक, खाण विभाग. आपली कंपनी तिथे धंदा करते हे त्यांना ठाऊकही नव्हते! दोघांनी वाचनालयात जाऊन माहिती काढली आणि पत्रक लिहिले, की पोलरॉइड साठ सेकंदांत काळ्या माणसाला कैद करते. 'पोलरॉइड क्रांतिकारी कामगार चळवळ' उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा, वर्णभेदाचा जाहीर निषेध करा, तिथे कमावलेला नफा मुक्तिलढ्याला द्या, अशा त्यांच्या मागण्या. कंपनीने चौकशीला मंडळ पाठवले, तिथल्या काळ्या कामगारांचे पगार वाढवू म्हणाली, शिक्षणाला देणगी दिली, पण धंदा सोडला नाही. १९७१ मध्ये हंटर यांना नोकरीवरून काढले. त्यांनी बहिष्काराचे काम सोडले नाही. पुढे त्या शाळेत शिक्षिका झाल्या. १९७७ साली बातमी फुटली की कंपनीचा तिथला विक्रेता लपूनछपून सरकारलाच माल विकतो आहे. तेव्हा कुठे पोलरॉइडने दक्षिण आफ्रिका सोडली. सात वर्षे गेली. पासचे कायदे रद्द व्हायला १९८६ उजाडले.

ज्या कागदावर आपला फोटो येतो तो आपल्या प्रेमाचा आहे की पहाऱ्याचा, हा प्रश्न या दोघांना त्या सुट्टीत पडला. गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांना तो शंभर वर्षे आधी पडला होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सर्वांत जास्त फोटो निघालेला माणूस ते, सुमारे १६० निरनिराळे फोटो. बहुतेकांत हसणे नाही, नजर सरळ. काळ्या माणसाचे हास्यचित्र काढून विकणाऱ्या काळात हे त्यांनी ठरवून केले. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनीही जॉर्जिया प्रांतातल्या काळ्या स्त्रीपुरुषांच्या फोटोंचे अल्बम मांडले. वाचकांना हे नाव परके नसावे. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले आणि ज्यांचे उत्तर आले, तेच हे ड्यू बॉइस.

आता फिल्म गेली आणि सेन्सर आला. १९७५ साली याच कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, एक फोटो कॅसेटवर नोंदायला २३ सेकंद. सेन्सर म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर उजेड झेलणाऱ्या बारीक बारीक वाट्या. पावसात अंगणात भांडी मांडून ठेवावी आणि नंतर प्रत्येकात किती पाणी साठले ते मोजावे, तसे ते उजेड मोजतात. वाट्यांना रंग कळत नाही म्हणून त्यांच्यावर लाल, हिरव्या, निळ्या काचा बसवतात. ही मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चे. हिरव्या काचा दुप्पट ठेवल्या, कारण माणसाचा डोळा हिरव्याला जास्त जागतो. आज बहुतेक मोबाइलमध्ये हीच रीत आहे. यंत्राने डोळ्याची नक्कल केली ती अशी.

नुसता उजेड मोजून यंत्राला चेहरा कळत नाही. त्याला हजारो, लाखो चेहरे दाखवून शिकवावे लागते. मग जसे शिकवाल तसे ते शिकणार. संशोधक वर्षानुवर्षे वापरत आलेल्या एका नामांकित चित्रसंग्रहात सुमारे ७७ टक्के पुरुष आणि ८३ टक्के गोरे होते. शर्ली कार्ड मेले नव्हते, संगणकात जाऊन बसले होते.

हे उघडकीला आणले जॉय बुओलाम्विनी यांनी. कॅनडात जन्म, आईवडील घानाचे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत शिकत असताना त्यांनी एक कलाकृती करायला घेतली. आरसा असा, की त्यात बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुसरे रूप उमटावे, सिंहाचे म्हणा किंवा आपल्या आदर्श व्यक्तीचे. कल्पना खेळकर. पण आरशावरच्या कॅमेऱ्याला त्यांचा चेहरा सापडेच ना! शेवटी त्यांनी जवळ पडलेला पांढरा मुखवटा तोंडाला लावला, आणि यंत्राने ताबडतोब 'चेहरा मिळाला' म्हटले. पुठ्ठ्या-प्लास्टिकचे गोरे तोंड त्याला माणूस वाटले, आणि समोरची जिवंत मुलगी वाटली नाही.

दुसऱ्या कुणी वैतागून आरसा फेकला असता. जॉय यांनी मोजमाप सुरू केले. आफ्रिकेतले तीन आणि युरोपातले तीन अशा सहा देशांतल्या संसद सदस्यांचे १,२७० फोटो जमवले आणि टिमनिट गेब्रू यांच्यासह तीन कंपन्यांची यंत्रे तपासली. प्रश्न साधा, हा पुरुष की ही स्त्री? २०१८ मध्ये निकाल छापला. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका यंत्राची चूक ३४.७ टक्के, म्हणजे तिघींतल्या एकीला पुरुष ठरवले. त्याच वर्षी त्यांनी याच विषयावर एक चित्रफीत केली. त्यात त्या स्वतःची कविता म्हणतात आणि पडद्यावर यंत्र मोठमोठ्या काळ्या स्त्रियांना पुरुष म्हणत जाते. त्यात सोजर्नर ट्रूथ यांचाही फोटो आहे. या बाई गुलामगिरीतून सुटलेल्या, १८५१ साली स्त्रियांच्या हक्कांवर गाजलेले भाषण केलेल्या, आणि स्वतःच्या फोटोंची कार्डे विकून चरितार्थ चालवलेल्या. आकड्यांचा निबंध किती जण वाचतात? ही चित्रफीत पाहून मात्र लोक चमकले. कंपन्यांनी आपली यंत्रे सुधारली. आयबीएमने तर २०२० च्या जूनमध्ये चेहरा ओळखण्याचा सर्वसाधारण धंदाच बंद केला.

पण सुधारणे म्हणजे तरी काय? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सातशेहून जास्त घरांची एक भाड्याची वसाहत आहे. २०१८ मध्ये मालकाने किल्लीऐवजी चेहरा ओळखून दार उघडणारे यंत्र बसवायचे ठरवले. भाडेकरू बहुतांश काळे, त्यात पुढाकार बायांचा. त्या म्हणाल्या नाहीत, की आमचे चेहरे नीट ओळखणारे यंत्र आणा. त्या म्हणाल्या, यंत्र नकोच. आम्ही कधी आलो, कुणाला घेऊन आलो, याची नोंद मालकाने कशाला ठेवायची? २०१९ साली १३० वर भाडेकरूंनी सरकारदरबारी हरकती दिल्या आणि वर्षाअखेर मालकाने बेत सोडला. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२० मध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरात यंत्राने चुकीचा चेहरा जुळवल्यामुळे एका काळ्या गृहस्थाला त्याच्या अंगणात, बायको आणि लहान मुलींसमोर बेड्या पडल्या. तीस तास कोठडीत. पोलरॉइडच्या मागचे बटण आठवते ना?

मात्र काही ठिकाणी यंत्राला आपण नीट दिसलेच पाहिजे. २०२० साली कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर वस्तीवस्तीत पोहोचला. हे यंत्र जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या शोधातून आले. ते नेमके त्याच वर्षी, एप्रिल २०२० मध्ये वारले. बोटातून एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त असा दोन तऱ्हांचा उजेड सोडतात. प्राणवायू भरलेले रक्त एक उजेड जास्त शोषते, रिकामे रक्त दुसरा. त्यावरून टक्केवारी निघते. पण उजेड रक्तापर्यंत जातो तो कातडीतून, आणि कातडीतला रंगही उजेड शोषतो. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की यंत्र ९२ ते ९६ असा आकडा दाखवत असताना रक्ताच्या थेट तपासणीत प्राणवायू ८८ च्या खाली निघाला, असे काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा घडले आणि गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. जवळपास तिप्पट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नवा मसुदा काढला. पूर्वी दहाएक जणांवर चाचणी चाले, त्यात दोघे काळे असले की पुरे. आता दीडशे वा अधिक माणसे आणि कातडीच्या सर्व छटा घ्या, असे त्यात म्हटले आहे.

तेव्हा घरात ऑक्सिमीटर असेल तर एवढे करा. बोटाची नेलपॉलिश काढा, हात गार असेल तर चोळून गरम करा, हात स्थिर ठेवा आणि आकडा थांबेपर्यंत धीर धरा. एका आकड्यावर जाऊ नका. सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा आणि तो उतरतो आहे का ते बघा. आणि म्हातारीला धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर यंत्र ९५ म्हणो की ९७, दवाखाना गाठा. अशा वेळी तुमचा डोळा जास्त खरा.

शेवटी आपल्या दारातला सेन्सर. रेशनच्या दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवतो तेव्हा तो बोटावरच्या उंच रेषा आणि मधले खड्डे वाचतो. ज्यांचे हात कागदावर फिरतात त्यांच्या रेषा शाबूत असतात. ज्यांनी जन्मभर विटा उचलल्या, सिमेंट कालवले, चार घरची भांडी घासली, त्यांच्या झिजून जातात. मग दुकानदार म्हणतो, "मावशी, अंगठा येत नाही." मावशी पदराला बोट पुसतात, पुन्हा ठेवतात, मग दुसरे बोट, मग तिसरे. रांगेतली माणसे चुळबुळतात आणि मावशींनाच शरमल्यासारखे होते, त्या अल्बमातल्या मामांसारखे.

बोट ओल्या फडक्याने पुसून ठेवल्यास पुष्कळदा काम होते. आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने देता येतात आणि मोबाइल नंबर जोडून घेतला तर त्याचाही उपयोग होतो. आणि एवढे करूनही अंगठा आला नाही, तर लक्षात ठेवा, ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने सर्व राज्यांना लेखी कळवले आहे, की केवळ ठसा जुळला नाही म्हणून कुणाचे धान्य नाकारू नये, इतर ओळख पाहून द्यावे. दुकानदार "उद्या या" म्हणाला तर त्याला हे सांगा. ऐकले नाही तर तारीख, वेळ आणि दुकानाचा क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि तहसील कचेरीत पुरवठा अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. अर्ज लिहायला घरातली शिकणारी मुलगी बरोबर न्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.